टेस्टिंग पावडर आणि विहिणीची पंगत

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळणं अवघड गेलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. घरात जी हकीकत रूढ झाली होती ती सगळ्यांना सोयीची होती, आणि तिच्यावर शिक्का माझाच होता. पण ती खोटी आहे. माझं वय झालं आहे आणि ती दुरुस्त करू शकेल असा दुसरा कोणी आता उरलेला नाही, म्हणून लिहितो.

रूढ हकीकत अशी. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, धाकट्या मुलीच्या लग्नात आचाऱ्याने सारात टेस्टिंग पावडर घातली, आणि त्यामुळे विहिणीच्या पंगतीला बसलेली माणसं आजारी पडली. आमच्या नात्यागोत्यात आजही आचारी ठरवायचा तर पहिली अट हीच असते: टेस्टिंग पावडर चालणार नाही.

टेस्टिंग पावडर हे आमच्या हुबळी-धारवाडकडचं नाव. साखरेपेक्षा बारीक, जरासे लांबट, चकचकीत पांढरे खडे. नुसते जिभेवर ठेवले तर फारसं काही लागत नाही, थोडं खारट आणि नंतर कसलीशी भरीव चव. आमटीत, सारात, भाजीत चिमूटभर घातलं की चवीला खोली येते. रसायनशास्त्रात त्याला मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणतात. मी धारवाडच्या एका कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. म्हणजे ह्या पदार्थाबद्दल मला माहिती नव्हती असं म्हणायची सोय मला नाही.

आता लिहायला बसण्याचं कारण तसं क्षुल्लक आहे. पत्नी गेल्यापासून मी माझं जेवण माझंच करतो. मागच्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं. बिनमिठाची आमटी काही घशाखाली उतरेना. ह्या पावडरीत सोडियम असतं खरं, पण मिठात असतं त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढंच. तेव्हा मीठ निम्म्यावर आणून वर थोडी ही पावडर घातली तर चव राहते आणि एकूण सोडियम कमी जातं. डॉक्टरांना विचारून मी तसं सुरू केलं. पुढे अक्का चार दिवस राहायला आली. ती आता ऐंशीची आहे, पण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायची सवय गेलेली नाही.

"ही कसली रे पुडी?" ती आतून ओरडली.

"टेस्टिंग पावडर."

"काय?"

"टेस्टिंग पावडर, अक्का. मीठ कमी करायला."

ती पुडी दोन बोटांत धरून बाहेर आली, मेलेलं झुरळ धरावं तशी. "तूच सांगितलं होतंस ना, हे विष म्हणून?"

"विष म्हटलं नव्हतं मी."

"मग काय म्हटलं होतंस? सगळ्यांदेखत बोललास की! माझ्या पोरीचा संसार मोडायची वेळ आणली त्या आचारी अण्णाने, आणि तू तेच घालून खातोस? म्हातारपणी बुद्धी फिरली काय तुझी?"

तिने आमटी मोरीत ओतली आणि पातेलं घासायला टाकलं. मी बघत बसलो. तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "राहू दे. पिठलं करतो."

लग्न झालं त्याला बावीस-तेवीस वर्षं झाली. अक्काचे यजमान त्याआधीच गेले होते, त्यामुळे लग्नाचं पुष्कळसं काम माझ्याकडे होतं. मुख्य म्हणजे उग्राण माझ्या ताब्यात होतं. उग्राण म्हणजे लग्नघरातली कोठी. तांदूळ, तूप, गूळ, भाजी, दूध, बर्फ, जे काही आचाऱ्याला लागेल ते उग्राणवाल्याने आणून ठेवायचं आणि मागेल तसं काढून द्यायचं. आचारी स्वयंपाकाला जबाबदार, उग्राणवाला मालाला. आमच्याकडे ही वाटणी पूर्वापार चालत आली आहे आणि तिचा अर्थ सगळ्यांना कळतो: माल बरा की वाईट, हे आचाऱ्याने उग्राणवाल्याच्या शब्दावर धरायचं असतं.

आचारी हुबळीचा, कमरीपेठेतला. त्याला सगळे अण्णाच म्हणत, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. घरचा कानडी, पण धारवाडच्या मराठी घरांत इतकी वर्षं चुली सांभाळून त्याचं मराठी आमच्याइतकंच झालं होतं. फक्त रागावला की कानडीत जायचा. त्याचं टोमॅटोचं सार प्रसिद्ध होतं. धारवाडात मुलगी बघायला सुरुवात झाली की काही घरं आधी अण्णाची तारीख विचारून ठेवत.

मी उग्राणात तराजू घेऊन बसलो होतो ते त्याला फार गमतीचं वाटे.

"सर, मीठ असं तोलून देताय जसं कॉलेजात ऍसिड देतात."

"हिशेब नको का?"

"हिशेब पाहिजे की. पण सार कमी पडलं तर विहिणीला काय हिशेब वाढू?"

त्याच्या मसाल्याच्या डब्यात हिंगाच्या शेजारी टेस्टिंग पावडरची पुडी होती. लपवलेली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी मीच विचारलं, "अण्णा, तुमच्या हाताला चव असताना हे कशाला?"

"सर, पूर्वी टोमॅटो आंबट होता. आता नुसता लाल आहे. मग एवढं," त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली, "एवढं घातलं की सार तोंड उघडतं." मग थोडा थांबून म्हणाला, "लोक काय काय बोलतात ह्याच्याबद्दल. काही वाईट नाही ना सर ह्यात? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

मी त्याला नीट सांगितलं. टोमॅटोला जी चव असते तिचा एक भाग हाच आहे. पिकलेल्या टोमॅटोत, आळंब्यांत, आईच्या दुधातसुद्धा तो मुळातच असतो. कारखान्यात उसाच्या मळीपासून किंवा पिठूळ पदार्थापासून आंबवून करतात, इडलीचं पीठ आंबतं त्याच जातीची क्रिया. शरीर दोन्हींत फरक करत नाही. काही थोड्या लोकांना रिकाम्या पोटी पुष्कळ खाल्लं तर डोकं दुखतं, चेहरा गरम झाल्यासारखा वाटतो आणि थोड्या वेळाने जातं. पाकिटावर लहान बाळांना देऊ नका असं लिहिलेलं असतं, ते पाळावं. शिळं झाकायला किंवा निकृष्ट माल खपवायला वापरणं वाईट, पण ते वापरणाऱ्याचं पाप, पावडरचं नव्हे.

"म्हणजे चिमूट चालते."

"चालते."

"संपलं मग," अण्णा म्हणाला आणि चुलीकडे गेला.

उन्हाळ्याचे दिवस होते. अक्काने मला बजावून सांगितलं होतं की बर्फ आधी सांगून ठेव. खायचा बर्फ करणारा कारखाना लग्नसराईत आगाऊ मागणी असल्याशिवाय देत नसे. मी हो म्हणालो होतो आणि विसरलो. ह्यापलीकडे त्याला काही कारण नाही. लग्नाच्या सकाळी आठवण झाली तेव्हा स्कूटर घेऊन गेलो, तर तिथे सगळ्या लाद्या बोलून ठेवलेल्या. पलीकडे दुसरा एक कारखाना होता, मासेवाल्यांच्या पेट्यांसाठी बर्फ करणारा. तिथल्या माणसाने गोणपाटात भुसा घालून लादी बांधली आणि मी चांगल्या घरचा दिसतो म्हणून की काय, आपणहून कानडीत म्हणाला, "होरग इड्री, वळग ब्याड." बाहेर ठेवा, आत नको. म्हणजे भांड्याभोवती लावा, खाण्यात घालू नका. मी मान हलवली. माझाही बेत तोच होता. मठ्ठ्याचं पातेलं मोठ्या घंगाळात ठेवून भोवती बर्फ लावायचा.

मुहूर्त लागला, आणि त्या धावपळीत लादी गोणपाटातच राहिली. मोठ्या पंगती उठल्या. त्यांना मठ्ठा कोमटच गेला, पण गर्दीत कोण बघतो. शेवटी विहिणीची पंगत. ज्यांनी ही पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वराची आई आणि तिच्याबरोबरच्या बायका, वडीलधारी माणसं ह्यांना वेगळं बसवतात. चांदीची ताटं, ताटांभोवती रांगोळ्या, उदबत्त्या, आणि मुलीकडच्यांनी हात जोडून आग्रह करायचा. तिथे काही उणं राहिलं तर ते मुलीला पुढे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. त्यातून वऱ्हाड अळणावरहून आलं होतं आणि स्टेशनवर त्यांना घ्यायला गाडी उशिरा पोचली होती, त्यामुळे सकाळपासूनच चेहरे आंबलेले होते.

विहीणबाईंनी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या अळणावरला विहिरीतलं पाणीसुद्धा ह्याहून गार असतं हो."

शेजारच्या बाईंनी लगेच जोड दिली. "सोलापुरी मठ्ठा असेल. उन्हातला."

हशा झाला. अक्का पांढरी पडली. ती पदर सावरत माझ्याकडे धावली. "बर्फ कुठाय? तुला सांगितलं होतं ना मी? काहीतरी कर!"

घंगाळात पातेलं ठेवून मठ्ठा गार व्हायला वेळ लागला असता आणि पंगत तर पानावर बसलेली. मी गोणपाट ओढत अण्णाकडे नेलं आणि म्हणालो, "फोडून घाला ह्यातला, लवकर."

अण्णाने लोखंडी बत्ता उचलला आणि थांबला. "सर, खायचाच बर्फ ना हा?"

"हो, हो. घाला."

त्याने लादीवरचा भुसा धुतला, वर भरपूर पाणी ओतलं, फोडली आणि मठ्ठ्यात घातली. मठ्ठा गार झाला. विहीणबाई म्हणाल्या, "आता कसं!" आणि आणखी मागून घेतला. त्यांच्या सासूबाईंनीही घेतला, त्यांचं वय तेव्हाच पुष्कळ होतं. मी स्वतः वाढत होतो. नंतर मी एकटाच मागे जेवायला बसलो तेव्हा कुणीतरी तळाशी उरलेला मठ्ठा मला वाढायला आलं. मी पानावर हात आडवा धरला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, आणि ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या आडव्या हाताची वाटते.

दुसऱ्या दिवशी अळणावरहून फोन आला. उलट्या, जुलाब, ताप. विहिणीच्या पंगतीतली बरीच माणसं पडली होती आणि सासूबाईंना सलाईन लावावं लागलं होतं. आठवड्याभरात सगळे उठले, सासूबाईसुद्धा. पण त्या आठवड्यात नव्या नवरीने काय ऐकलं असेल ते सांगायला नको. अक्काला फोनवर ती फक्त रडायची.

मला कारण पहिल्या फोनलाच कळलं होतं. सार सगळ्या पंगतींना एकच गेलं होतं, त्याच पातेल्यातलं. आधीच्या पंगतींतल्या कुणाला काही झालं नव्हतं. बर्फाचा मठ्ठा फक्त एकाच पंगतीला मिळाला होता. ह्याला रसायनशास्त्र लागत नाही. शिवाय पावडरीने कुणाला काही व्हायचंच असेल तर ते जेवल्यानंतर लगेच होतं, दुसऱ्या दिवशी ताप येत नाही.

वऱ्हाडातली माणसं पुढच्या रविवारी धारवाडला अक्काच्या घरी आली. विहीणबाई, त्यांचे यजमान आणि विहीणबाईंचे भाऊ. भाऊ वकील होते. अण्णालाही बोलावून घेतलं होतं. तो दाराजवळ उभा होता, खांद्यावर पंचा. बस म्हटलं तरी बसला नाही.

वकीलसाहेब आधीच कार्यालयाच्या स्वयंपाकघरात जाऊन चौकशी करून आले होते. त्यांनी खिशातून एक रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे तिथे कचऱ्यात मिळालं. काय आहे हे?"

अण्णाने पाकीट बघितलं. "टेस्टिंग पावडर."

"घातलीत?"

"सारात. चिमूटभर."

"चिमूटभर! पाकीट रिकामं आहे आणि चिमूटभर?"

"पाकीट जुनं होतं साहेब. त्यात शेवटचंच राहिलं होतं."

"असं कसं होईल हो? इतकी माणसं उगाच पडतील?" विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाई गेल्या असत्या म्हणजे?"

"सारात काही नव्हतं बाई," अण्णा म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी निश्चिंतपणे. "सर आहेत की इथे. सरांना ठाऊक आहे. सर, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. वकीलसाहेब म्हणाले, "हां, तुम्ही तर केमिस्ट्रीचे. ह्याने त्रास होतो की नाही?"

त्या वेळी मनात काय आलं ते आठवून लिहितो. मला वाटलं, बर्फाचं सांगितलं तर दोष मुलीच्या सख्ख्या मामाचा ठरेल, म्हणजे मुलीच्या माहेरचा ठरेल, आणि तो तिला जन्मभर पुरेल. दोष बाहेरच्या माणसाचा ठरला तर दोन्ही घरं मोकळी होतील. हे खरं होतं. पण त्याच्या आधी, ह्या सगळ्या विचाराच्या आधी, मला नुसती भीती वाटली होती. भाचीचा विचार मागून आला.

मी म्हणालो, "प्रमाण जास्त झालं तर त्रास होऊ शकतो."

हे वाक्य खोटं नाही. पुस्तकातही तसं लिहिलेलं सापडेल. मी ते वर्गात म्हटलं असतं तर कुणी आक्षेप घेतला नसता. त्या खोलीत ते खोटं होतं.

आदल्याच आठवड्यात मी अण्णाला चालते म्हणालो होतो, हे तो तिथे म्हणू शकला असता. बर्फ कुणी दिला हेही म्हणू शकला असता. म्हणाला नाही. खांद्यावरचा पंचा काढून त्याने त्याची पुन्हा नीट घडी केली. "सर म्हणतात म्हणजे असेल," एवढंच म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर खोलीतलं वातावरण सैलावलं. विहीणबाई अक्काला म्हणाल्या, "तुमचा तरी काय दोष? बाहेरची माणसं अशीच." चहा झाला, सोबत चिवडा. वकीलसाहेबांनी चिवड्याचं कौतुक केलं. भाचीचा संसार नीट झाला. आज तिची मुलं कॉलेजात आहेत. तेव्हा माझं वाक्य कामी आलं नाही असं मला म्हणता येत नाही.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हुबळी-धारवाडची मराठी घरं एकमेकांना धरून आहेत. हळदीकुंकवाला निघालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात पोचते. मला रस्त्यात थांबवून लोक विचारत, "सर, अण्णाचं खरं काय हो?" मी म्हणे, "जपलेलं बरं." कुणाविरुद्ध काही न बोलता बोलण्याची ही रीत मला चांगली जमली. काही महिन्यांत अण्णाचं नाव पावडरवाला अण्णा पडलं. एकाच्या मुंजीला त्याला आधी सांगून मग नको म्हणून कळवलं, तेव्हा कारण म्हणून माझं नाव सांगितलं गेलं: कॉलेजातले सर स्वतः म्हणाले. पुढे अण्णा कुठल्याच लग्नात दिसेनासा झाला. मला वाटे, लोकांनी त्याला काढून टाकलं.

त्याच सुमारास वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, टेस्टिंग पावडर विषारी असते का?" मी फळ्यावर रचना काढली, ग्लुटामिक आम्ल आणि त्याचा सोडियमचा क्षार, आणि सगळं जसं आहे तसं सांगितलं. कशात असतं, कसं करतात, किती चालतं, कुणी टाळावं. तास चांगला झाला. वर्गात खरं बोलायला मला काहीच जड गेलं नाही. तास संपल्यावर फळा पुसताना मला वाटलं की ही मुलगी घरी जाऊन हे सांगेल आणि तिची आई म्हणेल, तुमचे सर तर उलटं म्हणाले होते. तसं काही झालं असेल तर माझ्या कानावर आलं नाही.

निवृत्त झाल्यावर, पत्नी गेल्यानंतर, कार्यालयात मंडप घालणाऱ्या एका माणसाकडून कळलं की अण्णा कलघटगीला मुलीकडे असतो. मुलगी तिथे बाजारपेठेत छोटी खानावळ चालवते. मी बरेच दिवस जाईन म्हणत होतो. मग एकदा गेलो. बाजाराचा दिवस होता, खानावळीत शेतकऱ्यांची गर्दी होती. अण्णा गल्ल्याजवळ खुर्चीत बसला होता, बराच वाळलेला. मला ओळखायला त्याला क्षण लागला, मग काठीचा आधार घेऊन तो उठला.

"अय्यो, सर!" आणि आत बघून मुलीला हाक मारली, "धारवाडचे सर बंदार!" सर आलेत.

मी नको नको म्हणत असताना त्याने मला बसवलं आणि ताट स्वतः आणून ठेवलं. वाटीत सार होतं. तो हसून म्हणाला, "घ्या सर, भिऊ नका. ह्यात पावडर नाही. त्या दिवसापासून हात लावला नाही. टोमॅटो जास्त घालून आटवतो."

सार पहिल्यासारखंच होतं. मी तसं म्हणालो.

"छे, ते दिवस गेले," अण्णा म्हणाला. समोरच्या बाकावर बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्या अळणावरच्या आजी, त्या बऱ्या झाल्या होत्या ना?"

"हो. नंतर पुष्कळ वर्षं होत्या."

"बरं झालं." त्याने मान हलवली. "सर, एक बोलू का? इतकी वर्षं मनात आहे. आधी तुम्ही मला म्हणाला होता, चिमूट चालते. मग माणसं पडल्यावर म्हणालात, त्रास होतो. तेव्हा मला कळलं की माझ्या चिमटीतच चूक झाली असणार. घाईत जास्त पडली असणार. म्हातारं माणूस मेलं असतं माझ्या हातून. घरी गेलो आणि देवासमोर सांगितलं, ह्यापुढे लग्नाची चूल पेटवणार नाही. लोक बोलवायला येत होते सर, थोडे का होईना येत होते. मीच गेलो नाही."

मी जेवायचा थांबलो होतो.

"तुम्हाला सगळ्यांदेखत सांगावं लागलं. तुम्हालाही वाईट वाटलं असणार," अण्णा म्हणाला. "माझ्यामुळे तुमच्या बहिणीला त्रास झाला. माफ करा सर."

मी म्हणालो, "तसं काही नाही हो, अण्णा."

त्याने ते मोठेपणा म्हणून घेतलं. डोळे पुसले आणि मुलीला सांगितलं, सरांना सार वाढ. मुलीने वाढलं. मी खाल्लं. गिऱ्हाइकं येत होती, कुणी सुटे मागत होतं, कुणी पाणी मागत होतं. मी मनात म्हटलं, गर्दी ओसरू दे. गर्दी ओसरली. मग म्हटलं, मुलगी आत जाऊ दे. ती आत गेली. मग अण्णा माझ्या मुलांची चौकशी करू लागला आणि मी उत्तरं देत बसलो. शेवटी तोच म्हणाला, "सर, धारवाडची बस आता निघेल बघा," आणि मला थांब्यापर्यंत पोचवायला निघाला. मी नको म्हटलं. तो खानावळीच्या पायरीपर्यंत आला आणि बस वळेपर्यंत उभा राहिला.

पुन्हा जाईन म्हणून ठरवलं होतं. पावसाळा झाला, माझ्या गुडघ्याचं दुखणं निघालं, मग दिवाळी. दिवाळीनंतर त्याच मंडपवाल्याने सांगितलं की अण्णा गेला. मी विचारलं, कशाने? तो म्हणाला, वयाने.

त्याच्या मुलीला जाऊन सांगावं असं कितीदा तरी वाटलं. पण माफी मागायची ती त्याची, तिच्याकडून ती कशी घेणार? अक्काला सांगायचं ठरवलं आहे. हे लिहून झालं की तिला वाचून दाखवीन. ती ऐकून घेईल की नाही ठाऊक नाही.

कलघटगीला जाताना बसमध्ये मी काय बोलायचं ते जुळवत होतो. मराठीत नीट जमेना, प्रत्येक वाक्याला कारण चिकटत होतं. म्हणून कानडीत जुळवलं, त्याच्या घरच्या भाषेत, आणि माझं कानडी बाजारापुरतं असल्यामुळे ते लहान झालं. अण्णा, तप्पु नंदु. चूक माझी. तुमच्या चिमटीत काही नव्हतं. बर्फ माशांचा होता आणि मला ते माहीत होतं. तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हणालो. मला माफ करा.